तांदळाच्या कणीएवढी वाळू

मंगळवारी सकाळी दादा कामावर गेला. दुपारी कारखान्यातून माणूस आला. संध्याकाळी आम्ही दादाला घरी आणलं आणि अंधार पडायच्या आत नेलं.

त्याला ठेवायला बाहेरच्या खोलीत जागा करावी लागली. जमिनीच्या मधोमध निळा प्लास्टिकचा टब होता. टबात समुद्राचं पाणी, पाण्यात हवेची नळी आणि दोन मासे. शेजाऱ्यांपैकी कोणीतरी विचारलं, "हा कुठं ठेवू?" उत्तर द्यायला कोणी नव्हतं. दोघांनी टब उचलून मोरीच्या कडेला नेला. पाणी डचमळून लादीवर सांडलं. आईने फडकं घेऊन ते पुसलं, घट्ट पिळलं, पुन्हा पुसलं, आणि मग ती दादाजवळ जाऊन बसली. त्या सगळ्या आवाजात हवेच्या पंपाची गुणगुण चालू राहिली. ती बंद करावी असं कोणाला सुचलं नाही, आणि सुचलं असतं तर मी करू दिली नसती.

आम्ही अंधेरी पूर्वेला राहत होतो, साकीनाक्याहून चालत येण्याच्या अंतरावर, दोन खोल्यांत. बाबा गिरणीत होते. संपानंतर त्यांची गिरणी उघडली नाही आणि ते घरी बसले. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात कामाला होतो. दादा साकीनाक्याच्या एका गाळ्यात काच कापायचा. त्याच्या हाताला काच ऐकायची. काच कापायच्या हिरकणीने एक रेघ ओढून तो काचेला खालून टिचकी मारायचा आणि ती रेघेवरून सुटायची. माशांची काचेची टाकी त्याने स्वतःच बनवली होती. उरलेल्या जाड काचा मालकाने त्याला दिल्या, आणि त्या जोडताना कडांच्या चिकट पदार्थाचा आंबूस वास आमच्या घरात आठवडाभर होता.

गोड्या पाण्यातले मासे पाळणारे आमच्या आजूबाजूला काही होते. खारं पाणी कोणी ठेवत नसे. दादाला खाऱ्याचीच ओढ होती. आमचं गाव मालवणच्या बाजूचं, अगदी समुद्रावर. पण दादाला मे महिन्याच्या सुट्टीपलीकडे ते कधी मिळालं नाही. रविवारी वर्सोव्याहून तो कॅनमधून पाणी आणायचा. फूटपाथवर त्याला खाऱ्या पाण्याच्या टाकीवरचं एक जुनं इंग्रजी पुस्तक मिळालं होतं, पहिली पानं नसलेलं. त्याचं इंग्रजी बेताचं होतं. म्हणून रात्रीच्या जेवणानंतर मी वाचायचो, मराठीत सांगायचो, आणि तो ऐकायचा. आमच्या दोघांच्या स्वभावात फार अंतर होतं. बोलायला विषय नसायचे. त्या पुस्तकामुळे आम्ही जवळजवळ दोन वर्षं रोज बोललो.

पहिल्यांदा त्याने टाकीत जुहूची वाळू घातली. ती सहज मिळणारी होती. करडी, बारीक, ओली असली की काळपट दिसणारी. टाकीच्या तळाशी भोकं पाडलेली एक प्लेट असते, तिच्यावर वाळूचा थर. हवेच्या जोरावर पाणी वाळूतून खाली ओढलं जातं आणि नळीतून वर येतं. वाळूच पाणी स्वच्छ ठेवते, कारण माशांची घाण खाणारे, डोळ्यांना न दिसणारे जीव तिच्यात वस्तीला येतात. जुहूची वाळू इतकी बारीक की ती घट्ट बसली. पाणी खाली जाईना. वरून सगळं ठीक दिसत होतं, पण खालचा थर काळा पडला आणि एक दिवस बोट खुपसल्यावर सडक्या अंड्यासारखा वास आला. तीन माशांपैकी एक मेला.

तेव्हा आम्ही वाळूवरचं प्रकरण पुन्हा वाचलं. पुस्तकाचं म्हणणं असं की खाऱ्या टाकीला साधी वाळू चालत नाही. प्रवाळाची किंवा शिंपल्यांची हवी. तिच्यात चुना असतो, तो अगदी हळूहळू विरघळतो आणि पाणी आंबट होऊ देत नाही. दाण्याचं माप पुस्तकात मिलिमीटरमध्ये दिलं होतं. दादाने मला पट्टी आणायला लावली, मग पट्टी बाजूला ठेवून तो स्वयंपाकघरात गेला. त्याने आईच्या डब्यांतून चिमूट चिमूट आणून वर्तमानपत्रावर मांडली. मैदा, बारीक रवा, जाडा रवा, तांदळाची कणी, साबुदाणा. बराच वेळ बघून तो म्हणाला, "कणी. कणीएवढी हवी. रवा बसतो, साबुदाण्यातून घाण तशीच खाली जाते."

आई म्हणाली, "खेळून झाला की माझो रवो परत भर."

त्या रविवारी त्याने टाकी रिकामी केली. काळी वाळू बादल्यांनी गटाराकडेला टाकली, टाकी धुऊन पालथी घातली, आणि नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले ते दोन मासे टबात सोडले. "पुढच्या रविवारी वाळू आणतो," तो म्हणाला. कुठून आणणार हे मी विचारलं नाही. त्याच्या मनात जागा होती, असं मला आजही वाटतं. मंगळवारी तो कामावर गेला. गाळ्यात दुपारचा डबा उघडताना त्याच्या छातीत कळ आली.

तो अविवाहित होता, म्हणून सगळं माझ्या हातून झालं. दहाव्या दिवशी आम्ही समुद्रकिनारी गेलो. भटजींनी सांगितलं तसं मी केलं. पिंड मांडले आणि आम्ही सगळे मागे सरकून उभे राहिलो. कावळे होते. माडावर होते, होडीच्या काठावर होते. पिंडाला शिवायला एकही येईना.

अशा वेळी गेलेल्या माणसाचं मन कशात अडकलंय ते ओळखून, मोठ्याने बोलून, वचन द्यायचं असतं. बाबांचे चुलतभाऊ, आमचे काका, पुढे झाले. हात जोडून म्हणाले, "आईबापाची काळजी करू नको. आम्ही आहोत." कावळा आला नाही. "धाकट्याचं लग्न आम्ही लावून देऊ." कावळा आला नाही. "गावच्या घराचा वाटा कोणी बुडवणार नाही." काका थांबले. ऊन चढत होतं. बाबा वाळूत बसून होते आणि समुद्राकडे बघत होते.

दादाचा गाळ्यातला मित्र माझ्यामागे उभा होता. दोघं एकाच टेबलावर काच कापायचे. तो माझ्या कानाशी म्हणाला, "त्याचे मासे सांग ना."

काकांनी ते ऐकलं. "मासे? अरे, माणूस गेलाय इथं."

"काका, रविवारी वाळू आणायला तो मलाच घेऊन जाणार होता," मित्र म्हणाला. "कुठे ते बोलला नाही. बोलला, चल, दाखवतो."

मी पुढे झालो. माझा या गोष्टींवर विश्वास नव्हता आणि आजही नाही. मी हात जोडले आणि म्हणालो, "मासे मी सांभाळीन. वाळू मी आणीन. मरू देणार नाही." एवढं बोलून मी मागे सरलो. थोड्या वेळाने होडीवरचा कावळा उतरला, दोन उड्या मारत आला आणि त्याने पिंडाला चोच लावली. आम्ही सगळे जरा लांब झालो होतो, म्हणून तो आला असेल. पण बाबांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. बोललेलं वचन त्यांनी ऐकलं होतं, आणि ते मी पाळायचं आहे हे त्यांच्या बघण्यात होतं.

त्या दिवसापासून माझ्यापुढे एकच काम राहिलं. टबातलं पाणी रोज थोडं बदलायचं आणि लवकरात लवकर वाळू शोधायची. टब म्हणजे काही घर नव्हे. मासे हवेच्या नळीला चिकटून राहत, खाणं टाकलं की वर येत, पण पूर्वीसारखे झेपावत नसत. सुतक फिटलं त्या दिवशी आई घरभर गोमूत्र शिंपडत फिरली आणि पळी भरून टबापाशी आली. मी तिचा हात धरला.

"त्यात नको आई. मरतील."

"माशांका सुतक नाय?" ती म्हणाली. "तेंका खावक घालणारो गेलो."

तिने पळी टबावरून नुसती ओवाळली आणि ती मोरीकडे गेली.

वाळू शोधायला दादाचा मित्र माझ्याबरोबर यायचा. सांताक्रूझला माशांचं एक दुकान होतं. तिथे वाळू म्हणून निळे, हिरवे, गुलाबी खडे पिशव्यांत भरून ठेवलेले होते. "ये ले जाओ, झकास दिखेगा," दुकानदार म्हणाला. मी थोडे खडे तळहातावर घेऊन त्यांवर थुंकी लावली तर हात निळा झाला. मित्र म्हणाला, "शेठ, आमचे मासे रंगपंचमी खेळत नाहीत." दुकानदार हसला नाही. खाऱ्या पाण्यासाठी काय, असं विचारल्यावर त्याने हात हलवले. ती लफडी तो करत नव्हता.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक इमारत उभी राहत होती. तिथल्या ढिगाऱ्यातून मुकादमाने आम्हाला पाटीभर रेती नेऊ दिली. दाणा ठीक होता. घरी येऊन मी ती धुतली आणि पुस्तकात सांगितलेली परीक्षा केली. चुना असलेल्या वाळूवर आंबट काही टाकलं की फेस येतो. पुस्तकात व्हिनेगर म्हटलं होतं. आमच्याकडे लिंबू होतं. रेतीवर लिंबाचा रस पडला आणि तसाच मुरला. काही झालं नाही. जुहूच्या, वर्सोव्याच्या, मार्व्याच्या, एकेका किनाऱ्याच्या वाळूच्या पुड्या मी आणल्या. कुठे दोनचार बुडबुडे येत, तेही एखाद्या शिंपल्याच्या तुकड्यावर. खिडकीच्या कट्ट्यावर बशा मांडून मी रस पिळत बसायचो आणि कान जवळ नेऊन ऐकायचो.

"तुझा भाऊ गेला आणि तू वाळूला सरबत पाजतोयस," मित्र म्हणाला. मग त्याने तोंड फिरवलं आणि तो गॅलरीत जाऊन उभा राहिला. जाताना म्हणाला, "उद्या गोराईला जाऊ. उद्या सुट्टी टाकतो."

गोराईची वाळूही बारीक निघाली.

या काळात मला एक विचार सतत यायचा. दादाला वाळू माहीत होती आणि मला वाळूवरचं प्रकरण माहीत होतं. आम्ही दोघं मिळून एक माणूस होतो, तोवर ठीक होतं. आता मला ते प्रकरण जवळजवळ पाठ होतं आणि माझ्या हातात वाळू नव्हती. ग्रंथालयात काम करणाऱ्या माणसाला असं वाटण्याची सवय असते की शोधलं तर सापडतं, योग्य कपाट उघडायचा अवकाश. हे कपाट त्याने जाताना उघडं ठेवलं नव्हतं.

अस्थी गावच्या समुद्रात सोडायच्या हे बाबांनी पहिल्याच दिवशी ठरवलं होतं. त्यांच्या वडिलांच्या तिथेच सोडल्या होत्या. महिना व्हायच्या आत आम्ही दोघं एसटीने गेलो. मासे आईच्या आणि मित्राच्या हवाली केले. गावी भावकीतले एक वृद्ध आजोबा आमच्याबरोबर किनाऱ्यावर आले. ओहोटी होती. मी गुडघाभर पाण्यात गेलो, गाडगं आडवं केलं, आणि लाटेने ते हातातून घेतलं. आजोबा काठावरून म्हणाले, "आता मागे बघू नको. सरळ चलत ये."

विसर्जन झालं की मागे वळून पाहायचं नसतं. गेलेल्याचा पाय अडकतो म्हणतात. आणि तिथून घरी काही आणायचं नसतं. मी सरळ चालत आलो. बाबा माझ्या मागे होते. माडांपर्यंत आलो तेव्हा त्यांच्या पावलांचा आवाज थांबला. मग वाळू खरवडल्याचा आवाज आला, करवंटीने खरवडावी तसा, आणि कापडात काही ओतल्याचा. पुन्हा खरवडणं, पुन्हा ओतणं. आजोबा माझ्या पुढे होते, त्यांनीही ऐकलं असणार. त्यांनी मान वळवली नाही, मीही नाही. आम्ही दोघं माडांखाली पाठ करून उभे राहिलो. ते बराच वेळ चाललं. मग पावलं पुन्हा सुरू झाली, आधीपेक्षा जड.

परतीच्या एसटीत बाबांच्या पायांशी खाकी पिशवी होती. तिच्यातून पाणी झिरपून गाडीच्या फळीवर ओघळ गेला होता. वाटेत गाडी चहाला थांबली तेव्हा मी पिशवीचं तोंड उघडून बघितलं. पांढरी वाळू. शिंपल्यांचे झिजलेले तुकडे, काही गुलाबीसर, काही दुधी, कडा गोल झालेल्या. दाणा कणीएवढा. मी मूठ भरून घेतली आणि ती बोटांतून सोडली. पाणी तिच्यातून सहज गेलं असतं. इतके दिवस शोधत होतो ती हीच, याबद्दल मला क्षणभरही शंका आली नाही. दादा त्या रविवारी मित्राला घेऊन इथे येणार होता का, एका दिवसात येणं शक्य नव्हतं, मग दुसरीकडे कुठे, हे मला कधीच कळणार नव्हतं.

"बाबा," मी म्हणालो, "आई काय म्हणेल?"

"तू वचन दिलंस," बाबा म्हणाले. "माझ्यादेखत दिलंस."

"पण तिथलीच वाळू..."

"दर्यो मोठो आसा," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले.

आईने पिशवी दारातच ओळखली. बाबांना ती म्हणाली, "तेका सोडूक गेलात ना? मगे ह्या कित्याक हाडलात?"

बाबांनी पिशवी दाराबाहेर खाली ठेवली.

"ह्या घरात येवचा नाय." तिचा आवाज चढला नव्हता. "तेची वाट अडवू नकात."

पिशवी गॅलरीत राहिली. येणाऱ्याजाणाऱ्याला ती ओलांडावी लागायची. आई तिच्याकडे बघत नसे, पण झाडताना केरसुणी तिच्याभोवतीने फिरवायची, तिला लागू द्यायची नाही. दुसऱ्या दिवशी मी एका बशीत चिमूटभर वाळू घेतली आणि गॅलरीतच लिंबू पिळलं. वाळू फसफसली. पांढरा फेस बशीच्या कडेपर्यंत आला आणि त्याचा बारीक आवाज मला कान न लावता ऐकू आला. मान वर केली तर आई दारात उभी होती.

"शिंपल्यात चुना असतो," मी सांगितलं. "म्हणून."

"फक्त शिंपल्यात?" तिने विचारलं.

हाडातही चुनाच असतो हे मला ठाऊक होतं. माझ्याकडे द्यायला उत्तर होतं आणि तिला ते नको होतं, किंवा हवं होतं. मी ठरवू शकलो नाही. मी बशी धुवायला घेतली. ती आत गेली.

पुढचे काही दिवस मी वर्सोव्याहून पाणी आणत राहिलो. टबाच्या पाण्याला कडू वास यायला लागला होता. एक मासा आडवा पोहायचा आणि टबाच्या भिंतीला टेकून विसावायचा. मित्राने दोनदा आईला समजवायचा प्रयत्न केला. "काकी, वाळूला काय माहीत ती कुठली?" पहिल्यांदा तिने त्याला चहा दिला. दुसऱ्यांदा दिला नाही. मी आईशी एकदाही वाद घातला नाही. गेला तो तिचा मुलगा होता. माझं वचन तिच्या दुःखापेक्षा मोठं आहे असं मी तिला कोणत्या तोंडाने सांगणार होतो? आणि तरीही कामावरून परतताना जिन्यावर माझा पाय मंदावायचा, कारण वर गेल्यावर टबात काय दिसेल याची भीती असायची.

एका सकाळी तो आडवा पोहणारा मासा तरंगताना दिसला. मी त्याला काढायच्या आत आई तिथे आली. तिने तो ओंजळीत घेतला. आयुष्यभर मासे कापलेली, खवले काढलेली बाई. तिने त्याला अंगठ्याने उलटसुलट केलं आणि म्हणाली, "केवढोसो ह्यो." मग टबात वाकून उरलेल्याकडे बघत राहिली. तो कोपऱ्यात होता आणि त्याचे कल्ले भरभर चालत होते.

तिने हात धुतले. स्वयंपाकघरातून सूप, परात आणि पिठाची जाड चाळण आणली, गॅलरीत बसकण घातली आणि पिशवीची गाठ सोडली.

मी त्या दिवशी कामावर गेलो नाही. आईने मूठभर वाळू सुपात घेतली, पसरली आणि तांदूळ निवडावेत तशी ती निवडू लागली. एकेक दाणा नव्हे, पण नजर एकेका दाण्यावरून जात होती. काही तुकडे ती उचलून उजेडात धरायची. काही पुन्हा सुपात टाकायची. काही पदराजवळ पसरलेल्या केळीच्या पानाच्या तुकड्यावर वेगळे ठेवायची. निवडून झालेली मूठ परातीत जायची आणि ती पुढची मूठ घ्यायची. बाबा खोलीतून उठून बाहेर आले आणि तिच्यासमोर भिंतीला टेकून बसले. त्यांनी हात पुढे केला तेव्हा तिने सूप मागे ओढलं. मग ते नुसते बसून राहिले.

मीही दारात बसलो. त्या वाळूत काही असणं जवळजवळ अशक्य होतं. लाटेने गाडगं नेलं ते आत, आणि बाबांनी वाळू घेतली ती भरतीच्या रेषेवरची, माडांजवळची. हे मी तिला सांगू शकलो असतो. बाबाही सांगू शकले असते. आम्ही दोघंही बोललो नाही, कारण ती काय करत होती ते आम्हाला दिसत होतं. दादाला नेलं तेव्हा ती घरी होती. राख सावडताना ती नव्हती, दहाव्याला नव्हती, विसर्जनाला नव्हती. आमच्याकडे बायका जात नसत. त्याचं शेवटचं जे काही होतं ते सगळं आम्ही पुरुषांनी परस्पर केलं होतं.

दुपार झाली. शेजारणीने जेवणाचं ताट झाकून आणलं आणि काही न विचारता ठेवून गेली. ऊन गॅलरीच्या कठड्यावरून खाली उतरलं. पिशवी रिकामी झाली तेव्हा पानावर चिमूटभर पांढरे तुकडे होते.

बाबांनी विचारलं, "काय गावला?"

"शिंपले," आई म्हणाली. "आणखी काय गावतला."

तिने पानाची पुडी केली, दोऱ्याने बांधली आणि माझ्या हातात दिली. "पाणी हाडूक जातस तेव्हा सोड," ती म्हणाली. मी ती वर्सोव्याला सोडली. उघडून बघितली नाही.

मग तिने वाळू चाळली. रव्याएवढी खाली पडली ती फेकली, मोठे तुकडे वेगळे काढले. राहिलेली मोरीत परातीत घेऊन ती धुवायला बसली. पहिलं पाणी दुधासारखं पांढरं गेलं. ती बोटं फिरवायची, पाणी ओतायची, नवं घ्यायची, थेट भाताचे तांदूळ धुताना करते तसं. पाणी नितळ आलं तरी ती थांबली नाही. बाबा म्हणाले, "झाला आता." तिने आणखी एकदा धुतली.

टाकी मी आणि मित्राने जागेवर ठेवली. प्लेट बसवली, आईने वाळू ओंजळीने घातली, आणि तळहाताने सारखी केली. समुद्राचं पाणी भरलं. ते आधी गढूळ झालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी निवळलं. पुस्तकात म्हटलं होतं की नव्या वाळूत ते न दिसणारे जीव वसायला काही आठवडे लागतात, तोवर पाणी बदलत राहा. आमच्याकडे थांबायला वेळ नव्हता. संध्याकाळी उरलेला मासा सोडला. तो सरळ तळाशी गेला, वाळूच्या वर बोटभर अंतरावर थांबला, आणि शेपटीने दाणे हलवून स्वतःपुरता एक खळगा करू लागला. त्याला ते काम पुष्कळ वेळ पुरलं.

तो जगला. मी रोज पाणी बदलत होतो म्हणून, की वाळूमुळे, ते सांगता येत नाही. पुढच्या काही महिन्यांत मी वाळूत बोट खुपसून बघायचो. खालचा थर पांढराच राहिला. वास आला नाही. खाणं घालायचं काम आईने माझ्याकडून कधी घेतलं हे मला आठवत नाही. कोळंबी सोलताना ती एक बाजूला ठेवायची, नखाने तिचे बारीक तुकडे करायची आणि टाकीवर वाकून म्हणायची, "जेव रे बाबा." तो झेपावून वर यायचा. पुस्तक मी त्यानंतर पुन्हा वाचलं नाही. वाचून दाखवायला कोणी नव्हतं, आणि आईला पुस्तकाची गरज नव्हती.

योग्य वाळू कोणती याचं पुस्तकातलं उत्तर मला आजही सांगता येतं. चुन्याची असावी, दाणा कणीएवढा असावा, पाणी तिच्यातून जावं. दादाच्या मनात कोणती होती हे मी वर्षानुवर्षं स्वतःला विचारत राहिलो, आणि मग विचारणं कमी झालं. आमच्या टाकीत जी होती ती बाबांनी मागे वळून घेतलेली आणि आईने निवडलेली होती. दोघांनी जे करायचं नसतं ते केलं. आपापसांत ते त्याबद्दल पुढे कधी बोलल्याचं मी ऐकलं नाही.

तो मासा आमच्याकडे काही वर्षं राहिला आणि एका उन्हाळ्यात गेला. दुसरा आणायचा विषय निघाला नाही. आईने टाकीतलं पाणी काढू दिलं, पण वाळू टाकू दिली नाही. गच्चीवर चादर पसरून तिने ती वाळवली. त्यानंतर बाबा गेले, आणि त्यानंतर आई. टाकी मी मित्राला दिली.

वाळू दोन डब्यांत आहे. अंधेरीच्या त्याच घरात, माळ्यावर. मी त्या घरात एकटा राहतो.